कुलाब्याचे अफगाण चर्च : स्थापना, वास्तू आणि स्मरण

मुंबईच्या दक्षिण टोकास, जेथे पूर्वी कुलाबा नावाचे स्वतंत्र बेट होते आणि सन १८३८ मध्ये कॉजवे बांधून होईपर्यंत भरतीच्या वेळी होडीवाचून जेथे जाता येत नसे, त्या भूमीवर आज जी उंच, निमुळत्या शिखराची दगडी इमारत उभी आहे, तिचे विधिवत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च असे असून लोकव्यवहारात ती अफगाण चर्च याच नावाने ओळखली जाते. पहिल्या अफगाण युद्धात आणि त्याला लागूनच झालेल्या सिंधच्या मोहिमांत जे लोक कामास आले, त्यांची आठवण राहावी म्हणून लोकांच्या वर्गणीतून व सरकारच्या साहाय्याने ती उभारण्यात आली; कुलाब्याच्या लष्करी छावणीतील उपासकांची सोय व्हावी हा तिचा दुसरा हेतू. स्मारक आणि उपासनागृह या दोन्ही नात्यांनी या संस्थेचा वृत्तान्त एकत्र गुंफला गेला आहे आणि तो तसाच सांगणे इष्ट आहे.

या स्मरणिकेसाठी हा वृत्तान्त लिहिण्याचे काम प्रवराकाठच्या बेलापुरात राहणाऱ्या मनुष्याकडे यावे, याचे काही वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या भागास ख्रिस्ती उपासनेचा परिचय जुना आहे. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनने सन १८३१ मध्ये ठाणे दिले, राहुरीस रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार काही काळ होता, आणि बेलापूरपासून फार दूर नसलेल्या हरेगावी मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात दूरदूरच्या गावांहून माणसे लोटतात. शिवाय दगडी इमारतीचे शास्त्र समजून घेण्यास प्रवरेच्या खोऱ्यासारखी पाठशाळा नाही. एकाच नदीच्या आश्रयाने येथे कितीतरी शतकांची बांधकामे उभी आहेत, आणि गॉथिक कमानीचा विचार करताना मला त्यांचाच आधार घ्यावासा वाटतो. तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण असे की, ज्यांच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली त्यांतले बहुसंख्य लोक साधे शिपाई होते, आणि मुंबई इलाख्याच्या पलटणींत भरती होणारे शिपाई कोकणातील व देशावरील गावांतून मोठ्या संख्येने येत असत.

आता प्रथम त्या युद्धाकडे वळले पाहिजे. सन १८३८ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनी सिमल्याहून जाहीरनामा काढून काबूलच्या गादीवर दोस्त महंमदाच्या जागी शाह शुजास बसविण्याचा निश्चय प्रसिद्ध केला. रशियाची सत्ता अफगाणिस्तानात शिरेल या धास्तीने घेतलेला तो निर्णय होता. त्यात न्याय किती होता याचा निकाल इतिहासाने केव्हाच दिलेला आहे. ज्या राजास त्याची प्रजा मानीत नव्हती त्यास परक्या संगिनींच्या बळावर गादीवर बसविणे हे कृत्य अन्यायाचेच होते, आणि स्मारकाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांनी तो बेत आखला ते सिमल्याच्या थंड हवेत बसले होते. ज्यांनी तो तडीस नेला त्यांची कहाणी निराळी आहे.

मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली नोव्हेंबर महिन्यात गलबतांनी सिंधूच्या मुखाशी उतरली, तेथून सिंधूच्या काठाने वर चढली, बोलन घाटातून पाण्याची व वैरणीची टंचाई सोशीत सन १८३९ च्या वसंतात कंदाहारास पोहोचली आणि २३ जुलै रोजी गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा सुरुंगाने उडवून तो किल्ला सर करण्यात सहभागी झाली. मुंबईच्या १९ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचे लोक त्या मोहिमेत होते. ऑगस्टात शाह शुजा काबुलात प्रविष्ट झाला. मुंबईच्या फौजेचा बराच भाग परत फिरला, आणि परतीच्या वाटेवर १३ नोव्हेंबर रोजी त्यांपैकी काही पलटणींनी जनरल विल्शर यांच्या हुकमतीखाली कलात घेतले. पुढे काबुलात उठाव झाला. सन १८४२ च्या जानेवारीत सुमारे साडेचार हजार लढवय्ये आणि त्यांच्या मागोमाग सुमारे बारा हजार बाजारबुणगे, बायकापोरे व नोकरचाकर बर्फातून जलालाबादेकडे निघाले, ते वाटेतच नाहीसे झाले. ते सैन्य मुख्यतः बंगालचे होते, पण त्या वार्तेने सारा हिंदुस्थान हादरला. सन १८४३ च्या फेब्रुवारीत मियानी व मार्चात दाबो येथे लढाया होऊन सिंध खालसा झाला, आणि त्या प्रांताच्या ज्वराने व पटकीने लढायांपेक्षा कमी माणसे नेली नाहीत.

त्याच सुमारास, सन १८४३ मध्ये, या मृतांसाठी एक स्मारक-चर्च बांधावे ही कल्पना पुढे आली, आणि तिचे श्रेय चॅप्लेन रेव्हरंड जॉर्ज पिगट यांना दिले जाते. मुंबई शहरात इंग्रजांचे सेंट टॉमस चर्च सन १७१८ पासून होते. परंतु ते किल्ल्यात पडल्यामुळे आणि कुलाब्याची छावणी दूर असल्यामुळे गोऱ्या पलटणींसाठी तेथे स्वतंत्र चर्चची निकड होतीच. वर्गणी जमू लागली. ऑक्सफर्डमध्ये त्या वेळी गॉथिक वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी स्थापन झालेली एक संस्था उत्साहाने काम करीत होती. तिच्याकडे नकाशाची मागणी गेली आणि जॉन मॅक्डफ डेरिक या वास्तुविशारदाने आराखडा तयार करून दिला. तो देखणा होता, पण त्याच्या खर्चाचा अंदाज मुंबईच्या वर्गणीदारांच्या आवाक्याबाहेरचा ठरला. अखेर मुंबईतच नोकरीस असलेल्या हेन्री कॉनीबिअर या तरुण इंजिनिअराने नवा नकाशा केला आणि तोच मंजूर झाला. हाच गृहस्थ पुढे विहार तलावाच्या योजनेचा कर्ता म्हणून मुंबईकरांच्या कृतज्ञतेस पात्र झाला. सन १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात खेळू लागले ते त्याच्या आखणीमुळे. सरकारने जागा दिली ती देताना इमारतीचे शिखर बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खुणेसारखे दिसावे अशी इच्छा प्रकट केली. ही अट वरकरणी किरकोळ वाटली तरी इमारतीच्या पुढील वीस वर्षांच्या विवंचनेचे मूळ तिच्यातच आहे, कारण उंच शिखर म्हणजे भक्कम पाया, भक्कम पाया म्हणजे मोठा खर्च, आणि खर्चाची तोंडमिळवणी करताना शिखरच सर्वांच्या शेवटी राहिले.

सन १८४७ च्या डिसेंबरच्या ४ तारखेस मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. त्यानंतर दहा वर्षे काम चालले. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप जॉन हार्डिंग यांनी चर्चचा पवित्रीकरण-विधी केला, तेव्हा उत्तरेत बंडाची धामधूम शमलेली नव्हती आणि लखनौ पुरते हाती आलेले नव्हते. एका युद्धातील मृतांचे स्मारक दुसऱ्या युद्धाच्या गर्जनेत उपासनेस खुले झाले.

ही वास्तू ज्या शैलीत बांधली आहे तिचा उगम पाहावयाचा तर सात शतके मागे, फ्रान्स देशात जावे लागते. पॅरिसजवळ सां-दनी येथील मठाधिपती स्युजे याने आपल्या मठाच्या चर्चचा पूर्वभाग नव्याने बांधवून घेतला आणि सन ११४४ मध्ये तो उपासनेस खुला झाला. गॉथिक शैलीचा आरंभ सर्वसाधारणपणे तेथून मोजतात. त्यापूर्वीच्या इमारती अर्धवर्तुळाकार कमानीच्या होत्या. अर्धवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीच्या निम्मीच असावयाची, त्यामुळे गाळा रुंद केला की कमान उंच जाते आणि अरुंद केला की बुटकी राहते. निरनिराळ्या रुंदीचे गाळे एकाच उंचीस आणणे दुर्घट होते. दोन वर्तुळखंड एकमेकांस टेकवून टोकदार कमान केली की हे बंधन सुटते, उंची कारागिराच्या हाती येते, आणि कमानीचा रेटा बाहेरच्या बाजूस कमी व खालच्या दिशेस अधिक जातो. तिच्या जोडीला छतास छत्रीच्या काड्यांप्रमाणे दगडी फासळ्या आल्या आणि उरलेला रेटा झेलण्यासाठी बाहेरून आधारभिंती आल्या. भार ठरावीक खांबांवर उतरू लागताच मधल्या भिंतीवरील ओझे संपले, आणि तिच्या जागी उंच खिडक्या घालून रंगीत काचांतून प्रकाश आत घेता येऊ लागला. पॅरिसची सेंट शापेल, जी सन १२४८ मध्ये पुरी झाली, तिच्यात भिंत म्हणावी असे जवळजवळ काही उरलेलेच नाही.

आमच्या प्रवरेच्या खोऱ्यात दगडी बांधणीचा विचार दुसऱ्या दिशेने वाढला. नदीच्या उगमाशी, रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडीस जे अमृतेश्वराचे प्राचीन देवालय आहे, त्यात खांबावर तुळई आणि तुळईवर शिळा असा सरळ हिशेब आहे. छत वर न्यावयाचे झाले तर प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित पुढे काढीत मध्यभाग मिटवून घ्यावयाचा. दगड स्वतःच्या वजनाने जागच्या जागी बसतो, बाजूस रेटा देत नाही, म्हणून अशा देवळास बाहेरून टेकू लागत नाही. पण खांबांमधले अंतर शिळेच्या लांबीपेक्षा अधिक वाढविता येत नाही, म्हणून तेथे खांबांची दाटी आणि गाभाऱ्याचा अंधार अपरिहार्य होतो. तो अंधार तेथील उपासनेला साजेसा आहे हे खरे. पुढे निजामशाहीच्या काळात याच जिल्ह्यात कमान आली, आणि तीही टोकदार. अहमदनगरच्या किल्ल्याजवळची दमडी मशीद सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून दमडी दमडी जमवून ती बांधविली अशी लोककथा आहे, आणि तिच्या छोट्याशा दर्शनी भागावरील कोरीव काम जवळून पाहिले म्हणजे ती कथा खरी असावी असे वाटू लागते, कारण इतका जीव ओतून काम हुकमाने होत नाही. फराहबागेच्या महालातही त्याच जातीच्या कमानी आहेत. टोकदार कमानीची युक्ती युरोपास पूर्वेकडील मुसलमानी देशांतून मिळाली असावी असे मानणारा विद्वानांचा एक मोठा पक्ष आहे. ते मत मान्य केले तर एकाच मूळच्या दोन शाखा, एक पॅरिसवरून आणि दुसरी इराणवरून, महाराष्ट्राच्या काळ्या दगडापर्यंत येऊन पोहोचल्या असे म्हणावे लागते. त्यांतील नगरची शाखा कुलाब्याच्या कोनशिलेच्या आधी पावणेतीनशे वर्षे येथे रुजलेली होती.

पश्चिम किनाऱ्यावर गॉथिक बांधणीची एक झुळूक त्याहीपूर्वी येऊन गेली होती. जुन्या गोव्यात सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधलेले अवर लेडी ऑफ द रोझरीचे चर्च पोर्तुगालातील उत्तरकालीन गॉथिक वळणाचे आहे, आणि त्याच्या वेदीवरील छतास अजून त्या काळच्या दगडी फासळ्या आहेत. परंतु गोव्याने लवकरच इटलीच्या नव्या धाटणीचा अंगीकार केला आणि ती परंपरा तेथेच खुंटली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मात्र मध्ययुगाचे प्रेम नव्याने उफाळून आले. सन १८३९ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेल्या कॅम्डन सोसायटीने जुन्या खेड्यापाड्यांतील चर्चांची मोजमापे घेतली, वेदीगृह किती खोल असावे, मध्यदालन व पार्श्वदालने यांचे नाते काय असावे, उपासकाची दृष्टी कोठे स्थिरावी, या प्रत्येक प्रश्नावर तिने निबंध छापले. कॉनीबिअर हा अशा ग्रंथांच्या आधाराने शिकलेला इंजिनिअर होता, आणि म्हणूनच कुलाब्याचे चर्च हे हिंदुस्थानात शास्त्रशुद्ध गॉथिक पद्धतीने बांधलेल्या पहिल्या चर्चांपैकी एक ठरले. त्यापूर्वीच्या इंग्रजी चर्चांवर ग्रीक धाटणीचे स्तंभ आणि त्रिकोणी दर्शनी भागच अधिक आढळतात.

कॉनीबिअरने निवडलेले वळण तेराव्या शतकातील इंग्रजी गॉथिकचे आहे, म्हणजे सॉल्झबरीच्या कॅथेड्रलचे. त्यात अलंकार थोडा आणि रेषा सरळ, खिडक्या भाल्याच्या पात्यासारख्या उंच व अरुंद. ही निवड काटकसरीतून झाली असेल, परंतु मुंबईच्या उन्हाला ती मानवली. इंग्लंडातल्या मंद प्रकाशात ज्या अरुंद खिडक्यांनी दालन अंधारे होते, त्याच खिडक्यांनी कुलाब्यात समुद्रावरील प्रखर झळाळी सौम्य होऊन आत येते. भिंती दगडगोट्यांच्या असून त्यांस बाहेरून कुर्ल्याच्या फिकट पिवळसर दगडाचे थरबद्ध आच्छादन आहे. खांब, कमानी आणि खिडक्यांच्या चौकटी यांसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड वापरला आहे, कारण बारीक गोलाई काढण्यास तोच सोयीचा. मध्यदालनावर दगडी फासळ्यांचे छत घालण्याचा मोह टाळून लाकडी कैच्यांचे उतरते छप्पर घातले आहे. वेदीगृह ५० फूट लांब व २७ फूट रुंद आहे. छावणीच्या चर्चला इतके खोल वेदीगृह क्वचितच असते, आणि त्यातच केंब्रिजच्या मंडळींची शिकवण स्पष्ट दिसते. पूर्वेकडील व पश्चिमेकडील खिडक्यांच्या रंगीत काचा न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स याच्या कारखान्यातल्या. पुढे विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुविशारदाने आतील सजावटीचे आराखडे पुरविले. जमिनीवरील भौमितिक नक्षीच्या फरश्या विलायतेहून आल्या, आणि वेदीजवळचे लोखंडी जाळीकाम व भिंतींवरील स्मृतिफलक यांतही त्याचीच नजर आहे.

नकाशा विलायती शास्त्राचा असला तरी त्यास दगडात उतरविणारे हात येथलेच होते. गॉथिक कमान बांधावयाची म्हणजे प्रथम सुताराने लाकडाचे कालबूत उभे करावे लागते. त्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगडांचे थर चढवीत आणतात, आणि दोन्ही हात टोकाशी मिळेपर्यंत सारा भार त्या लाकडावर असतो. टोकदार कमानीच्या शेंड्यास बहुधा चावीचा दगड नसतो, तेथे सांधा असतो. म्हणून दोन्ही बाजू गुण्यात व ओळंब्यात अगदी सारख्या चढल्या पाहिजेत, केसभर फरक पडला तर तो शेंड्यावर उघडा पडतो. अर्धगोल कमानीत जो दोष चावीच्या दगडाने झाकता येतो तो येथे झाकता येत नाही. कालबूत काढून घेण्याचा क्षण हा पाथरवट आणि गवंडी या दोघांच्याही अब्रूचा असतो. कुलाब्याच्या मध्यदालनात उभे राहून कमानींच्या शेंड्यांकडे पाहावे, सांधे सरळ व बारीक दिसतात. ज्यांनी ते साधले त्या कारागिरांची नावे कोठेच कोरलेली नाहीत.

सन १८५८ मध्ये चर्च खुले झाले तरी मनोरा अपुराच होता. तो पुरा होण्यास आणखी सात वर्षे गेली, आणि त्या सात वर्षांत मुंबईचे रूप पालटले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, आणि शहरात पैशाचा पूर लोटला. कापसाच्या गठ्ठ्यांचा बाजारच कुलाब्यात भरत होता. दानशूर पारशी गृहस्थ कावसजी जहांगीर यांनी शिखरासाठी ७,५०० रुपये दिले. दुसऱ्या धर्माच्या उपासनागृहास असे साहाय्य करण्यात त्या काळच्या मुंबईस काही विशेष वाटत नसे, आणि या शहराच्या घडणीतील ही उदारता मला शिखराच्या उंचीइतकीच मोलाची वाटते. १९८ फूट उंचीचा मनोरा सन १८६५ च्या जूनमध्ये पुरा झाला आणि एकूण खर्च पाच लाखांहून अधिक भरला. पुढच्याच महिन्यात शेअरबाजार कोसळून निम्मी मुंबई दिवाळ्यात निघाली. काम आणखी वर्षभर लांबले असते तर शिखर पुरे झाले असते की नाही, शंकाच आहे.

या इमारतीपासून मुंबईने पुष्कळ घेतले. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना किल्ल्याच्या भिंती पाडून जी नवी सरकारी बांधकामे निघाली, त्यांतील बहुतेकांनी गॉथिक वळण स्वीकारले. कुलाब्याने तो रस्ता आधी चालून दाखविला होता. पुण्यात सन १८६३ मध्ये पायाभरणी झालेले सेंट पॉल चर्च तर थेट सेंट शापेलच्या नमुन्यावर बेतलेले आहे. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या नकाशाप्रमाणे सन १८७८ मध्ये पुरा झाला, आणि त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या ज्या २४ मूर्ती आहेत त्या मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनिअरांनी घडविल्या. बोरीबंदर स्टेशनाच्या कामात फ्रेडरिक स्टीव्हन्स यांस सीताराम खंडेराव व माधवराव जनार्दन यांचे साहाय्य होते. कुलाब्याच्या कामावरील कारागिरांची नावे लोपली, पण वीस-पंचवीस वर्षांनी त्याच शैलीत मराठी माणसांची नावे दप्तरात नोंदली जाऊ लागली. या शैलीशी आपल्या लोकांचे नाते कसे वाढत गेले, ते यावरून समजते.

चर्चची घंटा ही स्वतंत्र प्रकरण होण्याइतकी मोठी गोष्ट आहे. सन १९०४ मध्ये इंग्लंडातील लफबरो येथील टेलर यांच्या ओतशाळेतून आठ घंटांचा संच येऊन मनोऱ्यात बसला. या घंटा आपल्या देवळांतल्याप्रमाणे टांगून नुसती लोळी हलवून वाजविण्याच्या नव्हेत. प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकास जोडलेली असते, दोरी ओढली की ती तोंड वर येईपर्यंत पूर्ण फेरा घेते, आणि आठ जण आठ दोऱ्या धरून ठरलेल्या क्रमाने स्वरांची अदलाबदल करीत जातात. पश्चिम हिंदुस्थानात असा संच पुण्याच्या पंचहौद चर्चखेरीज दुसरीकडे क्वचितच आढळेल. मराठी मनास ख्रिस्ती घंटेचा नाद परका नाही. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी घाटावर आणल्या आणि देवळांत टांगल्या. मेणवलीची घंटा १७०७ सालची, नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील १७२१ सालची. गोदेच्या पुरात पाणी त्या घंटेपर्यंत चढले की नाशिककर पुराचा अंदाज बांधीत, हे आमच्या भागातील वृद्धांस चांगले ठाऊक असते.

आता त्या भिंतीकडे यावयाचे, जिच्यासाठी हे सारे उभे राहिले. वेदीगृहात रंगीत तुकड्यांच्या जडावात बसविलेले स्मृतिफलक आहेत. त्यांवर पलटणवार अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि मुख्य लेखाचा आशय असा की, हे चर्च या नामनिर्दिष्ट अधिकाऱ्यांच्या, तसेच ज्यांची संख्या मोठी असल्यामुळे नावे नोंदणे शक्य झाले नाही अशा हुद्देदार व शिपायांच्या स्मरणार्थ बांधले असून, हे सर्व सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत आपले कर्तव्य स्मरून रोगाने वा शस्त्राने मरण पावले. जडावाचे तुकडे जवळून पाहिले तर अधिकाऱ्यांच्या नावांचे प्रत्येक अक्षर सुटे, काळजीपूर्वक बसविलेले दिसते. आणि त्यापुढचे सारे मनुष्यबळ एका वाक्यात सामावले जाते. लेख लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे संख्येचे कारण दिले आहे, आणि शिपायांचा उल्लेख टाळला नाही याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. तरी ते वाक्य वाचून पुढे जाववत नाही.

त्या वाक्यात कोण कोण सामावले आहे याचे एकच उदाहरण देतो. सन १८४० मध्ये मर्री बलुचांच्या मुलखात काहान नावाच्या ठाण्यात मुंबईच्या ५ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे तीनशे लोक कॅप्टन लुईस ब्राऊन याच्या हाताखाली मे महिन्यापासून वेढ्यात सापडले. उन्हाळा जीवघेणा, धान्य संपत आलेले, ज्वराने निम्मे लोक अंथरुणास खिळलेले. ३१ ऑगस्टला त्यांच्या मदतीस येणारी मेजर क्लिबर्न याची तुकडी नफुस्क घाटात तहानेने व शत्रूच्या माऱ्याने उधळली गेली. मदतीची आशा संपली. तरीही ठाणे पडले नाही. शेवटी २८ सप्टेंबर रोजी मर्री सरदाराशी करार होऊन ते लोक आपल्या हत्यारांनिशी बाहेर पडले, आणि चालण्याचे त्राण नसताना तोफ मागे न टाकता ती घाटातून ओढून खाली आणली. ही पलटण पुढे १०५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, 'काळी पाचवी' हे तिचे लाडके नाव आजही मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीकडे चालत आले आहे, आणि काहान हा तिच्या रणसन्मानांतील एक आहे. त्या वेळच्या मुंबईच्या पलटणींत मराठे होते, महार होते, कोकणातले बेने इस्रायल होते, उत्तरेतले परदेशीही होते; एकाच तंबूत राहून, एकाच तोफेचा दोर ओढून त्यांनी ते उन्हाळे काढले. अन्याय्य मोहिमेत सापडलेल्या शिपायाचे शौर्य त्या मोहिमेच्या अन्यायाने उणे होत नाही, आणि त्या मोहिमेचा न्यायही त्याने सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच या स्मारकापुढे उभे राहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर गोऱ्या पलटणी गेल्या आणि छावणीच्या चर्चला मुंबईची साधी, संमिश्र मंडळी लाभली. सन १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन परंपरेचे हे चर्च तिच्यात सामील झाले. आणि अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतून वाढलेल्या मंडळ्याही त्याच संघात आल्या. ज्या चर्चमध्ये एके काळी गोऱ्या पलटणींसाठी इंग्रजी उपासना होई, ते आणि नगर जिल्ह्यातील मराठी गीते गाणाऱ्या मंडळ्या आता एकाच घरच्या झाल्या आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या चालकांपुढे एक विनंती मांडतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पोरबंदरचा मऊ दगड झिजतो, त्याची डागडुजी वेळच्या वेळी होत राहावी, हे तर आलेच. त्याबरोबर प्रवेशद्वारातील देवडीत मराठीत लिहिलेला एक दगडी फलक बसवावा. त्यावर या मोहिमांत गेलेल्या मुंबईच्या देशी पलटणींची नावे असावीत: ५ वी, १९ वी, ग्रेनेडिअर्सच्या पलटणी आणि ज्यांची नोंद दप्तरांतून निश्चित करता येईल त्या बाकीच्या साऱ्या; गझनी, कलात, काहान, मियानी व दाबो ही ठिकाणे त्यांच्या सालांसह असावीत; आणि त्याखाली, ज्या पाथरवटांनी, गवंड्यांनी व सुतारांनी सन १८४७ ते १८६५ या काळात हे चर्च उभे केले, त्यांचाही उल्लेख त्याच अक्षरांत व्हावा. फलकासाठी दगड कोणता, हा प्रश्न निघाल्यास प्रवरेच्या खोऱ्यातला काळा दगड घ्यावा. तो मिळवून देण्याची खटपट आम्ही बेलापूरकर आनंदाने करू.